कोपऱ्यातले दोघे

जेवणाची वेळ टळली आणि जावईबापूंचा ठिपका आजही कोपऱ्यात जाऊन बसला. काकांच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काकाच म्हणत. गावात टपाल वाटणाऱ्यांच्या पिशव्यांत छोटी यंत्रं ठेवली होती. कोण कुठून कुठे गेलं याची ती नोंद करत. मोबाइलचा मनोरा बंद पडला तर निरोप या पिशवीतून त्या पिशवीत उड्या मारत पोचेल का, हे संगणकावर खेळवून बघायचं होतं. पण त्या खेळवणाऱ्या प्रणालीला अक्षांश-रेखांश कळत नसत. तिला हवं सपाट मैदान, एका कोपऱ्यात शून्य, आणि तिथून प्रत्येक जण किती मीटर उजवीकडे, किती मीटर वर. ते रूपांतर काकांकडे होतं. पडद्यावर नकाशा नव्हता, नुसते ठिपके.

“सात नंबर मी,” टपाल वाटणाऱ्या जावईबापूंनी आधीच सांगून ठेवलं होतं. “तीन नंबर आमची सायकलवाली. तिचा वेग बघा, सासरेबुवा, आणि माझ्यावर नजर ठेवा!”

काकांनी ठेवली. आणि आता हा सात नंबर रोज दुपारी तीन नंबरला बिलगून संध्याकाळपर्यंत बसत होता. दोघांत वीतभराचंही अंतर नाही.

न राहवून त्यांनी मुलीला फोन लावला.

“जावईबापू दुपारी कुठे असतात गं?”

“कामावर. का?”

“काही नाही. सहज.”

“बाबा, तुमचं सहज कधी सहज नसतं.”

“जेवणखाण वेळेवर होतं ना त्यांचं, म्हणून विचारलं.”

“परवा तर म्हणालात, पोट सुटलंय त्यांचं! हे बघा, आज रात्री आम्ही जेवायला येतोच आहोत. काय ते त्यांनाच विचारा. माझ्यासमोर.”

खरं असेल तर पोरीचा संसार, खोटं असेल तर आपली अब्रू. नुसत्या ठिपक्यांवरून कोणाला काय विचारायचं? त्यांनी आकडेमोड उलटी फिरवली, शून्याचा कोपरा गावात नेमका कुठे येतो ते काढलं, छत्री काखेत मारली आणि निघाले.

लाकडाची वखार मागे पडली, कपडे धुण्याचं दुकान मागे पडलं, मग रस्ताच संपला. पुढे नदी. हातातला फोन म्हणत होता, अजून पुढे. पुढे पाण्यात दोन बदकं पोहत होती. काका बराच वेळ त्या बदकांकडे संशयाने बघत राहिले. इथे कोणी बसेल कसं? तेही सायकल घेऊन?

त्यांनी जावयाला फोन केला.

“कुठे आहात?”

“टपाल लावतोय. दुपारी मी कचेरीतच असतो.”

“आणि ती सायकलवाली?”

“ती घरी. तिची अर्ध्या दिवसाचीच नोकरी. का हो?”

“मग दोघांची यंत्रं?”

“बंद. छपराखाली ती वाट्टेल तो पत्ता दाखवतात म्हणून तुमच्याच प्रयोगशाळेतल्या बाईंनी बंद करायला सांगितलंय. झालं काय?”

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. शून्य त्यांनीच बसवला होता. कोणीतरी सर्वांत पश्चिमेला जिथवर गेलं तिथून एक रेघ, कोणीतरी सर्वांत दक्षिणेला जिथवर गेलं तिथून दुसरी. त्या रेघा जिथे मिळाल्या तिथे मात्र कोणीच कधी गेलं नव्हतं. आणि प्रणालीला ‘नाही’ हे ठिकाणच ठाऊक नव्हतं. ज्याचा ठावठिकाणा सांगितला नाही, त्याला ती मुकाट्याने शून्यावर नेऊन बसवत होती.

“तुम्ही दोघं नदीत होता,” ते गोंधळून बोलून गेले.

“कोण दोघं?”

काकांनी फोन कट केला.

परत येऊन त्यांनी तीन नंबरला दुपारपुरतं मैदानाबाहेर नेऊन ठेवलं, निरोप पोचणार नाही इतकं लांब. सात नंबरला विरुद्ध दिशेला. मग थबकले. हा माणूस तर टपाल कचेरीत बसलाय, मग याला इतकं लांब का पाठवायचं? पण कचेरीत असल्याची नोंद कुठे आहे? नोंद नाही म्हणजे माणूस नाही, की माणूस आहे आणि आपल्यालाच दिसत नाही? त्यांना काही सुधरेना.

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा.

“बाबा, हे विचारतायत, नदीत ते कोणाबरोबर होते? आणि आता मीही विचारतेय.”

“अगं, कोणाबरोबर नाही. ते तिथे नव्हतेच. म्हणजे दोघंही नव्हते, म्हणून तर एकत्र दिसले.”

“जेवायला येतोय आम्ही,” ती म्हणाली.

काकांनी सात नंबर आणखी थोडा लांब सरकवला.