टोपलीतला चेहरा

मी एक जुना क्राम्पुस आहे, मित्रांनो. कागदाचा. पंज्याएवढ्या, जाड पोस्टकार्डावर छापलेला. पोरांना घाबरवणे हे माझे काम होते आणि ते मी फार चोख केले. म्हणून ही गोष्ट सांगताना माझा मलाच थरकाप होतो.

व्हिएन्नात पाच डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलस शहाण्या पोरांना सफरचंदे आणि अक्रोड वाटत फिरतो. त्याच्यामागून क्राम्पुस येतो. डोक्याला शिंगे, लोंबती लाल जीभ, हातात साखळी आणि पाठीवर टोपली. वाईट पोरे टोपलीत. वाईट म्हणजे ज्यांना मोठ्या माणसांनी वाईट ठरवले ती. त्याआधी आठवडाभर ओळखीची माणसे पोरांना माझ्यासारखी कार्डे पाठवतात आणि खाली स्वतःचे नाव घालत नाहीत. सही क्राम्पुसची. याला तिकडे गंमत म्हणतात.

माझे चित्र कामिला होर्निकने काढले. ओटाक्रिंग या तिथल्या कामगारवस्तीतल्या एका चाळीत ती चौथ्या मजल्यावर एकटी राहायची आणि शहरातल्या कलाकारांच्या कार्यशाळेसाठी कार्डे रंगवायची. ती मंडळी खुर्चीपासून चमच्यापर्यंत सगळे नव्याने घडवत होती, आणि पोस्टकार्ड त्यांना चमच्याइतकेच महत्त्वाचे वाटे. कामिला हट्टी होती. टोपली रंगवायची तर खरी टोपली समोर लागे. म्हणून तिने दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लाहाबाईंची कपड्यांची टोपली मागून आणली. ब्लाहाबाई लोकांचे कपडे धुऊन पोट भरायच्या. टोपलीत एक मूल हवे होते, म्हणून त्यांची सात वर्षांची रेझीही आणली. केकच्या एका तुकड्याच्या बदल्यात रेझी अर्धा तास टोपलीत बसली. कामिलाने सांगितले, डोळे मोठे कर, तोंड उघड, घाबर. रेझीने हसत हसत घाबरून दाखवले. कामिलाने चित्रातून फक्त हसू गाळले.

छापखान्यात दगडावरून छापत, एकेका रंगाला एकेक दगड होता. आधी पिवळा, मग लाल, मग करडा. शेवटी काळा बसला आणि मला डोळे आले. दुकानाच्या काचेत मला मांडले तेव्हा सभ्य गृहस्थ चष्मे पुसून बघत. काय तो लाल, म्हणत. काय ती रेघ, म्हणत. टोपलीतल्या पोरीबद्दल कुणीच काही बोलले नाही. मीही नाही. मी कौतुकाने फुगलो होतो.

मला विकत घेतले रेझीच्या हेडविग मावशीने. काचेत भाचीचा चेहरा दिसला आणि ती रस्त्यातच हसत सुटली. तिने माझ्या पाठीवर लिहिले, "रेझी, तू अजून गादी ओली करतेस. पाच तारखेला मी येतो. टोपलीत जागा आहे."

पोस्टकार्डाला पाकीट नसते, मित्रांनो. माझ्या अंगावरचे कुणीही वाचावे. चाळीची राखण करणाऱ्या स्कोपेकबाई सगळ्यांची पत्रे वाटायच्या, पण वाचल्याशिवाय नाही. बोळात सगळ्या मजल्याला मिळून एकच नळ होता. सकाळी तिथे बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. स्कोपेकबाईंनी मला तिथे मोठ्याने वाचले आणि मग उलटून बघितले.

"अगं बाई, ही तर आपली रेझीच की. हिला तर आधीच उचलली."

"गादीसकट नेणार का गं?" एकीने विचारले.

बायका हसल्या. रेझी हातात चंबू घेऊन तिथेच उभी होती.

तिने मला घेतले आणि तीन दिवस सोडले नाही. उशीखाली तिची बोटे येऊन मला चाचपायची, गार आणि ओली. कामिलाकडचा केक तिला आठवत होता की नाही कोण जाणे. आठवला असेल तर आणखी वाईट. म्हणजे आपण आपल्या पायांनी जाऊन बसलो आणि क्राम्पुसने बघितले. तिने आईला विचारले, ही मीच का? आईचे हात कोपरापर्यंत साबणात होते. असशील, शहाण्यासारखी वाग म्हणजे नेणार नाही, असे म्हणून आई पुढचा गठ्ठा बडवायला लागली. त्या रात्री गादी पुन्हा ओली झाली. होणारच. भीतीने गादी कोरडी होते हे कोणत्या गाढवाने ठरवले, मला ठाऊक नाही.

पाच तारखेला चार वाजताच अंधारून आले. गल्लीच्या टोकाला कातडी पांघरून क्राम्पुस झालेल्या बाप्यांच्या साखळ्या वाजू लागल्या. ब्लाहाबाई गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून परतल्या तर दार उघडे. धाकटा पेपी झोपलेला. मी टेबलावर. रेझी नाही.

त्यांनी अंगण बघितले, कोळशाची खोली बघितली, बर्फातून गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आल्या. हेडविग मावशी खाऊ घेऊन आली होती. ती खाऊची पुडी छातीशी धरून एकच वाक्य बोलत राहिली, गंमत केली हो, नुसती गंमत. स्कोपेकबाई म्हणाल्या, भूक लागली की येईल. एक तास गेला, दुसरा गेला. साखळ्या आता आमच्याच दाराखाली वाजत होत्या. ब्लाहाबाई मला मुठीत धरून दारोदार विचारत चौथ्या मजल्यावर पोचल्या.

कामिलाने मला हातात घेतले आणि दिव्याजवळ नेले. तिने माझ्या टोपलीवर बोट ठेवले.

"ब्लाहाबाई, ही तुमची टोपली कुठाय?"

"वर, माळ्यावर. आज वाळत घालायची पाळी माझी होती."

"आणि माळ्याची किल्ली?"

ब्लाहाबाईंनी एप्रनचा खिसा चाचपला. किल्ली नव्हती.

माळ्यावर दोरीवरच्या चादरी गोठून फळ्यांसारख्या ताठ झाल्या होत्या. त्यांच्यामागे टोपली होती. टोपलीत रेझी, गुडघे छातीशी घेतलेली. पायांत सणाचे बूट, अंगात कोट नाही. ओठ निळे. मला वाटले, संपले. मग ते ओठ हलले.

"पेपी झोपलाय. क्राम्पुस घरात आला असता तर पेपी घाबरला असता. म्हणून मीच येऊन बसले."

आता हसा, असे मला ओरडायचे होते. नळावरच्या सगळ्या बायका जिन्यात उभ्या होत्या. हसा की. पण कागदाला आवाज नसतो, आणि असता तरी कोणत्या तोंडाने ओरडलो असतो?

ताप चढला. डॉक्टर छाती ऐकून गेले आणि दोन दिवस बघू म्हणाले. रेझी झोपेना. डोळा लागला की दचकून उठे. दुसऱ्या दिवशी ब्लाहाबाईंनी चुलीचे दार उघडले आणि मला आत टाकायला हात पुढे केला. निखाऱ्यांची धग माझ्या शिंगांना लागली.

"नको, आई," रेझी गादीतून किंचाळली. "मी आत आहे."

ब्लाहाबाईंचा हात तिथेच थांबला. नुसते चित्र आहे गं, त्यांनी समजावले. मावशीने रडत कबूल केले की लिहिले तिने, क्राम्पुसने नाही. रेझीने सगळे ऐकून घेतले.

"लिहिलंस तू. पण आत मीच आहे ना?"

गादीशेजारी बसलेली कामिला उठली, वर गेली आणि कात्री घेऊन आली. तिने मला दिव्यासमोर धरले आणि कात्रीचे टोक टोपलीच्या काठाशी टेकवले. पाती माझ्या अंगातून फिरत होती आणि ती कुठे थांबेल ते मला कळत नव्हते. तिने केस कापले, गाल कापला, काठाला धरलेली दोन इवली बोटे कापली, रेघ न सोडता. मग नखाएवढा तो चेहरा तिने रेझीच्या तळहातावर ठेवला.

"घे. आलीस बाहेर."

रेझीने तो तुकडा उलटून बघितला. मग माझ्यातल्या भोकाकडे बघितले.

"पण पाय आत राहिले असतील."

"पाय मी रंगवलेच नव्हते," कामिला म्हणाली. "शपथ."

रेझीने थोडा विचार केला, मूठ मिटली आणि कूस बदलली. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. ताप उतरायला आठवडा लागला, पण उतरला.

कामिलाने मला ठेवून घेतले. पुढे तिने कार्डांवर बायकांच्या टोप्या काढल्या, कुत्री काढली, कॉफी पिणाऱ्या बायका काढल्या. क्राम्पुस परत काढला नाही. युद्धात सरपण मिळेना तेव्हा लोकांनी चुलीत काय काय घातले, पण मी तिच्या वहीत तसाच राहिलो. आता मी एका संग्रहालयाच्या खणात आहे. माझा लाल अजून उतरलेला नाही. जाणकार येतात, भिंगातून बघतात आणि हळहळतात. एवढी दुर्मिळ प्रत, आणि कुणा अडाण्याने भोक पाडले.

मागच्या आठवड्यापासून मला झोप नाही, मित्रांनो. संग्रहालयातली माणसे म्हणतात, माझी दुसरी एक प्रत सापडली आहे. तिच्यावरून नकलून, पातळ कागद लावून, माझे भोक भरून काढणार आहेत. चेहरा पुन्हा जसाच्या तसा बसवणार आहेत. त्यांचे हात फार हळुवार आहेत आणि त्याचीच मला भीती वाटते.

तुम्ही कधी आलात तर त्यांना सांगा. माझे कोपरे जपा, ओल लागू देऊ नका, ऊन दाखवू नका, सगळे करा. पण ती टोपली रिकामीच राहू द्या.