धनुष्याचा धनी

"काच ठिव आता खाली, दादा. आनी किती खरवडतूस? दात कोरायला काडी उरंल निस्ती," बलभीम म्हणाला आणि चुलीपाशी भाकरी थापणारी चांगुणा खळखळून हसली.

मच्छिंद्राने मान वर केली नाही. फुटक्या बाटलीच्या काचेने तो लाकूड खरवडत राहिला. आपल्या बोलण्यावर बायको कधी अशी हसली होती, हे त्याला आठवेना.

ईट गावाकडच्या त्या लहानशा खेड्यात दसरा तोंडावर आला तरी ज्वारीची पेर नव्हती. भेगाळलेल्या रानावरून वारा नुसताच फिरे, काही शोधत असल्यासारखा. अवघे गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होते. तरी सीमोल्लंघन चुकवायचे नाही, असे ठरले. शिवेपार पहिला बाण सोडण्याचा मान नानासाहेबांच्या घराचा. पण जुने धनुष्य वाळवीने खाल्ले होते, आणि नानासाहेबांचा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता.

म्हणून त्यांच्या थोरल्या मुलाने, मच्छिंद्राने, धनुष्य करायला घेतले. आयुष्यातले पहिलेच. धामणीच्या झाडाचे लवचीक लाकूड, त्याच्या पाठीवर बांबूची कांब. सालीची बाजू बाहेर, कारण ताण सोसते ती सालच. सरस लावून, सोसायटीच्या पोत्यांची सुतळी आवळून त्याने ते उन्हात ठेवले, आणि त्या कोरड्या उन्हाने सरस तडकून कांब उचलली. सारे सोडवून त्याने पुन्हा सांधले. या खेपेस रांजणाआडच्या ओलसर सावलीत ठेवले आणि धीर धरला.

दोरी चढली तेव्हा बलभीमाने ते सहज उचलले, ओढले, आणि बाण बाभळीच्या खोडात रुतला.

"आरं वा रं बलभीमा," रस्त्यावरचा गुरुलिंग थबकला. "तुजा हात म्हंजी हात हाय."

धनुष्य कुणी केले, हे कुणी विचारले नाही. मच्छिंद्राने ओढून पाहिले. दोरी मनगटावर सपकन बसली आणि बाण उकिरड्यात पडला. गुरुलिंग हसू दाबत निघून गेला.

जेवताना नानासाहेब म्हणाले, "बाण बलभीमच सोडंल. उगं शिवंवर हसं नगं."

"मान थोरल्याचा हाय, आबा."

"मान हाय. पर नेम?"

"भावजींला द्या की," चांगुणा हलकेच म्हणाली. "घरातच ऱ्हातोय मान. काय बिघडतंय?"

मच्छिंद्राने हातातला घास ताटात ठेवला. धाकट्याचे रुंद खांदे, त्याचे हसणे, त्याच्याभोवती आपोआप जमणारी माणसे. हे सारे आजवर त्याने मुकाट पाहिले होते. आता आपल्या हातांनी घडवलेली ही एकच वस्तूही धाकट्याच्याच हातात शोभावी?

"मग त्येनं त्येचं करून घ्यावं," तो म्हणाला. "ह्ये म्या द्यायचा न्हाय."



त्यानंतर कामावरून आला की तो ओढ्यात उतरे आणि दिसेनासे होईपर्यंत बाण सोडत राही. मनगट काळेनिळे पडले. चांगुणेने न विचारता त्यावर हळद लावली. त्यानेही हात मागे घेतला नाही.

दसऱ्याला शिवेवर गाव जमले. मच्छिंद्राने कुणाकडेच पाहिले नाही. बांबू वाकला, धामण वाकली, दोन्ही बाजू सारख्या. बाण सुटला. शिवेचा दगड, कोरडा नाला, पलीकडचा बांध ओलांडून तो परगावच्या ढेकळांत दिसेनासा झाला. हलगी कडाडली.

"लई लांब ग्येला, मच्छिंद्रा," गुरुलिंग म्हणाला.

"त्यात काय इशेष?" बलभीमाचा चेहरा आंबला होता. "धनुष्यच तसलं हाय. आंधळ्यानं सोडला तरी ग्येला आसता."

मच्छिंद्राने तो स्वर ओळखला. इतकी वर्षे तो त्याच्या स्वतःच्याच छातीत राहत आला होता.

"दी की इकडं. म्याबी सोडतो एक," बलभीमाने हात पुढे केला.

मच्छिंद्राने सावकाश दोरी उतरवली आणि धनुष्य खांद्यावर टाकले.

"उद्या धामण तोडून आण," तो म्हणाला. "कसं करायचं, दावतो तुला."