तीन फुंकांचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. पितळेची, बोटभर लांब, पोटात बुचाचा एक मणी आणि डाव्या कुशीला एक पोचा. पोचा कसा पडला ते पुढे येईलच. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. गोड बोलणाऱ्या वस्तूंना जगात तोटा नाही, त्यांच्याकडे जा हवं तर.

माझा जन्म एका गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक लांबट खोली आणि दोन यंत्रं. एक म्हातारा कारागीर पितळेची पट्टी साच्यावर दाबून वाकवायचा, जोडाला डाख द्यायचा आणि मणी आत टाकून प्रत्येक शिट्टी एकदा स्वतः वाजवून बघायचा. जिचा आवाज फाटका निघे ती परत भंगारात जाई. त्याची बायको दाराशी बसून आम्हाला डब्यांत भरायची. ती एकदा म्हणाली, "अहो, दिवसभर पिर्र पिर्र. शेजारी वैतागलेत."

"वैतागू देत," तो म्हणाला. "जिच्या आवाजाने कोणी दचकत नाही ती शिट्टी कसली?"

हे वाक्य मी जन्मभर जपलं. पुढे लोकांना माझा आवाज आवडायला लागला तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी चुकतंय.

मला विकत घेतलं एका नर्सबाईंनी. तीस वर्षं वॉर्डात उभ्याने काढलेली बाई. "बसले की पाय दुखतात माझे," असं ती म्हणायची आणि सुट्टी मिळाली की चालायला निघायची. दोन दिवस, पाच दिवस, कधी अकरा दिवसांची लांब वाट. बरोबर तिची भाची असायची, तेव्हा दहा वर्षांची. बाईने मला आपल्या पाठपिशवीच्या डाव्या पट्ट्याला लाल नाडीने बांधलं, मान वळवली की ओठ पोचतील इतकं वर.

"इथेच का गं मावशी?" भाचीने विचारलं.

"दोन्ही हात मोडले तरी वाजवता आली पाहिजे म्हणून."

मग तिने भाचीला नियम शिकवला. एका मिनिटात सहा फुंका. मग एक मिनिट गप्प. पुन्हा सहा. म्हणजे, मी संकटात आहे, या. ज्याला ऐकू येईल त्याने तीन फुंका द्यायच्या.

"आता सांग, तीन वाजवणं म्हणजे काय?"

"उत्तर देणं."

"चूक. तीन वाजवणं म्हणजे बूट घालणं. पाय बुटात नसतील तर तोंड उघडायचं नाही."

पुढची कित्येक वर्षं मी वाजलेच नाही. पावसात भिजले, उन्हात तापले, दर वाटेनंतर कोमट पाण्याने धुतली गेले. तीच माझी सुखाची वर्षं. शिट्टीचं सुख न वाजण्यात असतं.

भाची मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली आणि फोनवरच्या एका ग्रुपात शिरली. 'पायपीट परिवार' त्याचं नाव. चाळीस हजार माणसं. कोणी पायाच्या फोडांचे फोटो टाकी, कोणी पिशवीचं वजन ग्रॅममध्ये लिही, तंबू कोणता चांगला यावर तर सख्खे भाऊ भांडावेत तशी भांडणं. खोटं कशाला बोलू, चांगली माणसंही होती. कधी न भेटलेल्या माणसाला कोणी आपले जास्तीचे बूट पाठवून दिले होते. पण चांगल्या माणसांनी मिळून केलेला मूर्खपणा सगळ्यात वाईट, कारण त्याला कोणी मूर्खपणा म्हणतच नाही.

झालं असं. भाचीने एका डोंगरावरून आपल्या शिट्टीच्या सहा फुंका दिल्या, समोरच्या डोंगरावरून मित्रांनी तीन दिल्या, आणि त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. दऱ्यांतून घुमलेला आवाज सुंदर आला होता. लोक खूश झाले. महिन्याभरात ती रीतच पडली. मुक्कामाच्या निवाऱ्याजवळ आलं की सहा वाजवायचे, म्हणजे 'आलो हो'. आतल्यांनी तीन वाजवायचे, म्हणजे 'या, चहा ठेवलाय'. कोणीतरी सदऱ्यांवर छापूनही घेतलं: सहाला तीन.

मावशीने तो व्हिडिओ पाहिला आणि लगेच फोन लावला.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"अगं गंमत आहे. लाखभर लोकांनी बघितलंय."

"उद्या त्यातला एक खड्ड्यात पडला तर?"

"तर फोन करेल ना."

"आणि डोंगरात रेंज तुझा बाप आणून देणार?"

भाची हसली. "मावशी, तू ना वॉर्डातली वॉर्डातच राहिलीस."

मावशीने फोन ठेवला. दोन महिने दोघी बोलल्या नाहीत. शेवटी मावशीच नमली, मोठ्यांनाच नमावं लागतं. लांब वाटेवर नवव्या मुक्कामाला परिवाराचा मेळावा होता. वरच्या निवाऱ्यात सगळे जमणार होते. मावशीने कळवलं की मी एकटी चालत येते, तिथे भेटू.

नवव्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. निवारा अर्धा किलोमीटर राहिला असताना मावशीच्या पायाखालचा दगड निसटला आणि आम्ही दोघी एका घळीत घसरत गेलो. माझी कूस खडकावर आपटली. तोच हा पोचा. तिचा घोटा मोडला. आवाज मी ऐकला, ओली काटकी मोडावी तसा. फोनला रेंज नव्हती. वरून मात्र माणसांचं हसणं ऐकू येत होतं, इतक्या जवळ होतो आम्ही.

तिने मान वळवली, मला ओठांत धरलं आणि छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे बघत सहा फुंका दिल्या. एक मिनिट थांबली. पुन्हा सहा.

वरून उत्तर आलं. तीन. स्वच्छ, ठणठणीत.

"निघाले," ती मला म्हणाली, आणि तिने वाजवणं थांबवलं. श्वास राखून ठेवायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. पिशवीतले सगळे कपडे तिने अंगावर चढवले, घोटा फडक्याने बांधला, बुटाची नाडी सैल केली. येणाऱ्यांना त्रास कमी व्हावा म्हणून.

अर्धा तास गेला. पाऊस लागला. तिने पुन्हा सहा फुंका दिल्या. पुन्हा तीन आल्या, आणि या वेळी त्यांच्या मागून हसणं आलं.

मला वाटतं, तिला तेव्हा कळलं. त्यानंतर तिने सहा मोजले नाहीत. एकच लांब फुंक, श्वास संपेपर्यंत. मग पुन्हा एक. नियमात न बसणारी. त्या फुंकेला काहीच उत्तर आलं नाही, कारण तिचं उत्तर कोणी ठरवलेलंच नव्हतं.

थंडीने तिला पहाटेच्या आत नेलं. उजाडल्यावर उतरणाऱ्या लोकांना ती दिसली तेव्हा मी तिच्या ओठांतच होते.

वर काय घडलं ते मला नंतर समजलं, भाचीच्या फोनमधल्या व्हिडिओतून. ती तो एकटी असताना बघायची. त्यात धुक्यातून माझा आवाज येतो. भाची उडी मारते. "मावशी आली. हिनेही सहा वाजवलेच शेवटी. म्हणजे माफ केलं मला." ती तीन फुंका देते. दुसऱ्या वेळी ग्रुपचा अॅडमिन, ज्याला सगळे नकाशे म्हणतात, विचारतो, "अजून पोचली नाही, बघून येऊ का?" भाची म्हणते, "अरे, मस्तीत आली आहे ती. येईल." आणि पुन्हा तीन देते. अंधार पडल्यावर त्यांनी तिचा सकाळचा निरोप वाचला: 'पाऊस धरला तर खालच्या निवाऱ्यात थांबेन.' पावसामुळे ती मागे फिरली असेल असं धरून सगळे निश्चिंत झोपले.

भाचीने कोणाला काही सांगितलं नाही. नकाशेकडेही तोच व्हिडिओ होता. त्याने त्यातले फक्त सहा आणि तीन ठेवले, मागे बासरी लावली आणि ग्रुपवर टाकलं: 'मावशींचा शेवटचा नमस्कार.' तो तर लाखोंनी बघितला. खाली लोकांनी लिहिलं, काटा आला. निसर्गाच्या कुशीत गेल्या. हसत गेल्या.

हसत गेल्या म्हणे. मित्रांनो, मी तिच्या तोंडात होते.

भाचीने मला आपल्या स्वयंपाकघरात किल्ल्यांशेजारी खिळ्याला टांगलं. धुतलं नाही. आणि तिथून मला मी ऐकू येऊ लागले. वरच्या मजल्यावर, जिन्यात, खालून जाणाऱ्या कोणाच्या खिशात. लोकांनी त्या सहा फुंका फोनला लावून घेतल्या होत्या. मी खिळ्यावर मुकी आणि माझा आवाज गावभर हिंडतोय. आवाजाचंही भूत होतं, हे मला तेव्हा समजलं. दर वेळी भाचीचा हात थांबायचा. ओठ हलायचे: एक, दोन, तीन. एकदा जिन्यात कोणाचा तरी फोन वाजला आणि ती एकाच पायात बूट घालून खालच्या मजल्यापर्यंत धावत गेली. शेजारीण म्हणाली, "अगं, फोन आहे माझा." भाचीने पायरीवर बसून तो एक बूट काढला.

वर्ष होत आलं तेव्हा ग्रुपवर एका नव्या सभासदाने लिहिलं: 'काल खालच्या वाटेवर दरीतून सहा ऐकू आले. आम्हीही तीन दिले. धमाल.'

भाचीने ते वाचलं. 'खाली जाऊन पाहिलंत का?' असं विचारलं. त्याने हसरा चेहरा पाठवला. दरीत कोण होतं, होतं की नव्हतं, ते आजवर कळलेलं नाही. तिने मला खिळ्यावरून काढलं.

वर्षश्राद्धासारखा मेळावा त्याच निवाऱ्यात भरला. बावीस जण. नकाशे म्हणाला, "मावशींची खरी शिट्टी तुझ्याकडे आहे. तूच वाजव." सगळ्यांनी फोन वर धरले.

तिने फुंकलं. मी वाजले नाही. माझा मणी आत चिकटून बसला होता, शेवटच्या श्वासांच्या ओलीने. धुतल्यावर पाणी झटकायला मावशी करायची तसं तिने मला तळहातावर आपटलं. मग मी वाजले. सहा.

एकवीस शिट्ट्यांनी तीन दिले. कोणी डोळे पुसले.

भाचीने मावशीचं घड्याळ बघत एक मिनिट घालवलं आणि पुन्हा सहा दिल्या. पुन्हा उत्तर आलं, थोडं विस्कळीत. तिसऱ्या वेळी दोघा-तिघांनीच वाजवलं. चौथ्या वेळी कोणीच नाही.

"काय झालं गं?" नकाशेने हळू विचारलं.

"मावशी खाली आहे. उत्तर दिलंत ना, मग जा की तिला आणायला."

"अगं, वर्ष झालं."

"वर्षभर थांबली आहे ती. तीन मी वाजवले होते. दोनदा. आणि ती जिवंत होती."

नकाशेचा फोन खाली आला. "मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि मीही गेलो नाही."

भाची खाली बसली, बूट घातले, नाड्या आवळल्या आणि पावसात बाहेर पडली. बावीसांतले नऊ जण तिच्यामागे आले. घळीत काही नव्हतं. दगड, पाणी, आणि एका फटीत माझ्या लाल नाडीचा तुकडा. अर्धा किलोमीटर यायला अकरा मिनिटं लागली होती. कोणीतरी घड्याळात बघून तसं म्हणालं.

नकाशेने आपला व्हिडिओ काढून टाकला. काय उपयोग, त्याच्या शेकडो प्रती झाल्या आहेत. ग्रुप फुटला. काही जण म्हणाले, एका अपघातापायी सगळ्यांची मजा घालवली, आणि त्यांनी दुसरा परिवार काढला. तिथे अजून सहाला तीन चालतं.

मी आता पुन्हा पाठपिशवीच्या डाव्या पट्ट्यावर असते, भाचीच्या. मला जपा, घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी पितळ आहे, मला काही होत नाही. पण मित्रांनो, माझा आवाज कानावर आला तर मोजा. सहा भरले तर आधी बूट घाला, मग तीन वाजवा. आणि एकच लांब फुंक आली, जिचं उत्तर कोणी ठरवलेलं नाही, तर काही वाजवू नका. धावा.