यादीत न बसणारी दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. फोटो काढणारी नाही, डोळा लावून बघायची. हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्याशी बोलायची मला एरवी हौस नाही. पण सध्या माझ्याकडे वेळच वेळ आहे.

माझा जीव म्हणजे तळाशी बसलेला आठ इंची आरसा. पस्तीस वर्षांपूर्वी मयूर विहारच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दिनकरने तो स्वतःच्या हाताने घासला. दिनकर केंद्र सरकारच्या नोकरीत होता. ऑफिसातून आला की शर्ट बदलायचा आणि पालथ्या ठेवलेल्या ड्रमभोवती गोल गोल फिरायचा. ड्रमवर एक जाड काच, तिच्यावर दुसरी, मध्ये पाणी आणि घासायची काळी भुकटी. घासता घासता वरची काच खोलगट होत जाते. ती मी.

"ही भुकटी कणकेत आली तर तुम्हीच खा त्या पोळ्या," त्याची बायको अरुणा म्हणायची आणि फडक्याने पुन्हा बाल्कनी पुसायची. असं चार महिने चाललं. मग चमकदार कोटिंग चढलं, सुताराने प्लायवूडची नळी केली, आणि अरुणाने मजल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. गच्चीवर रांग लागली. शनीची कडी बघून माणसं "वा!" म्हणायची. मला वाटायचं, म्हणणारच. मी होतेच तशी.

दिनकरचा मुलगा सुधन्वा गुरुग्रामला मोठ्या कंपनीत लागला, चौदाव्या मजल्यावर राहू लागला, आणि आठ वर्षांपूर्वी मला घेऊन गेला. "बाबांची आठवण," असं तो मित्रांना सांगायचा. या आठवणीला त्याने तिसऱ्या खोलीत कपाटामागे उभं केलं आणि वर इस्त्रीचं टेबल टेकवलं.

त्या खोलीत हळूहळू आणखी तिघी आल्या. पहिली चिमुकली, लाल पट्ट्याची, लांबी माझ्या गुडघ्याइतकी. दुसरी आखूड, ढोलकीसारखी. तिसरी पांढरी, लांबलचक, परदेशातून आलेली. ती बाई पेटीतून चार वेळासुद्धा बाहेर आली नसेल. तिघींच्या शेपटीला कॅमेरा. सुधन्वा चिमुकलीला गच्चीत मोटरवर बसवायचा, वायर जोडायचा आणि स्वतः आत येऊन एसीत लॅपटॉपसमोर बसायचा. गुरुग्रामचं आभाळ म्हणजे दिव्यांनी उजळलेला धूर. त्यातून अकरा रात्री फोटो काढायचे, ते एकावर एक रचायचे, रंग भरायचे आणि ग्रुपवर टाकायचे. आठ वर्षांत या माणसाने एकदाही एक डोळा मिटून दुसरा डोळा कुठल्या काचेला लावला नाही. आकाशाचा शौक म्हणे! मला त्याची कीव यायची. खरं सांगायचं तर कीवसुद्धा जास्त झाली.

अरुणा गेली. दिनकर मयूर विहारात एकटा राहू लागला. या वर्षी त्याची नजर बरीच अधू झाली, मेट्रोच्या जिन्यावर पाय चुकला, आणि त्याला गुरुग्रामला आणायचं ठरलं. खोली तीच, तिसरी.

"बाबा शनिवारी येतायत," सुधन्वाची बायको रुचिता दारात उभी राहून म्हणाली. "पलंग कुठे टाकू? या तोफांवर?"

"यार, थांब ना. मी लिस्ट करतोय. दोन ठेवतो. मॅक्स."

त्याने खरंच तक्ता केला. वजन, जागा, फोटोची क्वालिटी, सगळ्याला गुण. मी कान देऊन ऐकत होते. माझ्यावर कॅमेरा बसत नाही, कारण माझी प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतपर्यंत पोचतच नाही. मला मोटर नाही. तारा सरकला की मला हाताने ढकलावं लागतं. म्हणून प्रत्येक रकान्यात शून्य. शेवटी माझ्या नावापुढे त्याने एकच शब्द लिहिला: 'इमोशनल'. विकायची म्हणायची हिंमत नाही, ठेवायची म्हणायची इच्छा नाही. अशा माणसाने माझी किंमत ठरवावी!

शनिवारी दिनकर आला. पलंगाला जागा करायला मी आणि त्या तिघी भिंतीशी एका रांगेत उभ्या. त्याला खूश करायला सुधन्वाने लॅपटॉप उघडला आणि आपला एक फोटो दाखवला. लाल-निळा धुरळा, भोवती हजारो तारे. दिनकर वाकला. नाक पडद्याला लागेल इतका वाकला. मी वाट बघत होते, आता हा या रंगकामाला हसेल.

"कडेचे तारेसुद्धा टिंबासारखे आहेत रे," तो हळूच म्हणाला. "कुठली ही?"

"ही छोटी, बाबा."

"हिला ठेव. माझी काढून टाक."

"बाबा, ती तुम्ही स्वतः केलीय," सुधन्वा म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय. काठ उतरलाय तिचा. कडेला काच जास्त घासली गेली. तारा कधी टोकदार दिसलाच नाही, भोवती धुकं यायचं. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं." तो पलंगाच्या कडेवर बसला. "अजून दोन महिने लागले असते. पण तुझी आई पुसून पुसून दमली होती. रोज विचारायची, झालं का? एका रविवारी म्हटलं, झालं. ती इतकी खूश झाली की मग काय बोलणार?"

पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं मी सगळ्या जगाला तुच्छ मानत उभी होते, आणि ज्याने मला घडवलं तो माझ्यात धुकं बघत होता. त्या क्षणी मला दिनकरचा जितका तिरस्कार वाटला, तितका सुधन्वाचाही कधी वाटला नव्हता.

"मग आता करूया ना पुरं," सुधन्वा म्हणाला.

"वेडा आहेस. आरसा तपासायला त्याच्यावर दिव्याची सावली बघावी लागते. काठावरची ती सावली मला आता दिसणार आहे का?"

"तुम्ही बघायचंच नाही. मी कॅमेरा लावतो, सावली स्क्रीनवर मोठी करतो. बघायचं काम माझं, हात तुमचे."

"अच्छा," रुचिता म्हणाली, "म्हणजे ड्रमपण येणार. बिल्कुल नवी फरशी आहे, सांगून ठेवते." पण दुसऱ्या दिवशी जुनी चादर तिनेच अंथरली.

ढोलकी आणि पांढरी बाई नोएडाच्या कुणा हौशी माणसाकडे गेल्या. चिमुकली राहिली, राहू दे. माझी नळी बाल्कनीत रिकामी उभी आहे. माझं कोटिंग काढून टाकलंय, आणि आता मी म्हणजे फक्त काच. खाली राळेचा मऊ थर, मध्ये पांढरट पूड, वर मी, आणि माझ्या पाठीवर दिनकरचे दोन थरथरते हात. वीस मिनिटांत तो दमतो. मग सुधन्वा पुढे होतो आणि असा रेटतो की माझ्या अंगावर काटा येतो.

"दाबू नकोस," दिनकर त्याच्या मनगटावर चापट मारतो. "काचेचं वजन पुरतं. नुसता हात ठेव."

मग मुलाच्या हातावर बापाचा हात, आणि खाली मी. एकाचे कापतात, दुसऱ्याच्या बोटांनी आयुष्यात कळफलकाशिवाय काही धरलेलं नाही. याहून वाईट कारागीर दिल्लीत शोधून सापडायचे नाहीत.

गेल्या रविवारी त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. लॅपटॉपवर मी पहिल्यांदाच स्वतःला बघितलं. राखाडी चकती, आणि काठाला उजळ कडं. तोच दोष.

"बाबा, कमी झालंय," सुधन्वा म्हणाला. "पण आहे अजून."

दिनकरने बोटाने पडद्यावर ते कडं चाचपलं, जणू तिथे उंचवटा लागेल. म्हणाला, "दिवाळीपर्यंत."

मागणं माझ्या स्वभावात नाही. आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. पण ऐकणाऱ्यांनो, एवढं एकच मागते. या म्हाताऱ्याचे हात माझ्या काठापर्यंत पुरू देत.