कारखाना बंद ठेवला ती वीस मिनिटं

गाणाऱ्या बाईंना पेटी लागत नाही, हे आख्ख्या वस्तीला पाठ होतं. बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत दर शनिवारी अकरा जण गायला जमायचे. बाई डोळे मिटायच्या आणि फांदीवरचं फळ तोडावं तसा हवेतून सूर काढून द्यायच्या. बावीस वर्षं हेच. एकदा एका दीडशहाण्याने पेटी आणून तपासलंसुद्धा. सूर दर वेळी तोच, केसभर इकडे नाही की तिकडे. तेव्हापासून बाईंची मान जी ताठ झाली, ती झालीच. बाहेर कुणी गायला बोलावलं तर ठणकावून सांगायच्या, "ज्याला ऐकायचंय त्याने जिना चढावा."

त्या दिवशी रेडिओचा रेकॉर्डिंगवालाच जिना चढून आला. गावोगावच्या मरायला टेकलेल्या ओढ्यांवरची गाणी तो गोळा करत होता. कारखान्याच्या मागे असाच एक ओढा होता आणि त्याच्यावर बाईंच्या सुनेने गाणं लिहिलं होतं. सून खाली बर्फ विक्रीच्या खिडकीत बसायची, गिऱ्हाईक नसलं की पावतीच्या पाठीवर कविता करायची.

रेकॉर्डिंगवाल्याने कानाला हेडफोन लावले आणि तोंड वाकडं केलं. "ही घरघर बंद करावी लागेल."

"कुठली घरघर?" बाईंनी अगदी मनापासून विचारलं.

"आई, पायाखाली कंप्रेसर आहे," सून म्हणाली.

"हां, तो होय! त्याचं काय एवढं?"

फोरमनला गळ घातली. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "वीस मिनिटं देतो. त्याच्या वर एक सेकंद नाही. बर्फाच्या लाद्या वितळल्या तर मालक मला सोडणार नाही."

खटका पडला. खिडकीची काच थरथरायची थांबली. फरशी एकदम मेल्यासारखी झाली. बाईंनी डोळे मिटले, हात पुढे केला, तोंड उघडलं.

आणि काहीच नव्हतं तिथे.

त्यांनी कसाबसा एक सूर लावला. अकरा जण त्याच्यामागे अडखळले. "थांबा." पुन्हा लावला, तो वेगळाच निघाला. तिसऱ्यांदा आणखी तिसराच. खर्जात गाणारा पोस्टमन खाकरला, "बाई, जरा चढला का?"

"गप रे!"

पण बाईंनी पायाखालच्या मुक्या फरशीकडे बघितलं आणि त्यांना कळून चुकलं. सूर हवेतून कधी येतच नव्हता. तो फरशीतून यायचा, तळपायातून, मशीनच्या घरघरीतून. इतकी वर्षं त्या जे रुबाबात मिरवत होत्या ते दुसऱ्याचं होतं.

रेकॉर्डिंगवाला जवळ आला, हळूच म्हणाला, "फोनवर सूर वाजवून देऊ का? कुणाला कळणार नाही."

बाईंची नजर फोनवर गेली. हो म्हटलं की सुटका. मान ताठच राहिली असती.

तेवढ्यात खिडकीच्या गजावरचा काळा पक्षी ओरडला. तो रोजच ओरडायचा, ताटावर सुई ओढल्यासारखा, बारीक, कर्कश. एकदा ओरडला, थांबला, मान तिरकी करून बघितलं. दुसऱ्यांदा आवाज जरा खाली आला. मग आणखी खाली. मग त्या मूठभर जिवातून असा भरदार, गोल आवाज निघाला की पोस्टमनचा हात हवेतच राहिला.

"मशीन चालू असलं की त्यालाही ओरडून बोलावं लागतं," रेकॉर्डिंगवाला कुजबुजला. "हा त्याचा खरा आवाज."

आणि त्या आवाजाच्या खालून आणखी काहीतरी येत होतं. घोगरं, अडखळत, तोंडात गुळणी धरून कुणीतरी बोलावं तसं. सून खिडकीशी गेली.

"ओढा आहे," ती म्हणाली. "सहा वर्षं इथे बसते. गाण्यात खुशाल झुळझुळ लिहिलं मी. हा कुठे झुळझुळतोय? हा तर श्वास घ्यायला धडपडतोय." तिने कागद घेतला आणि ती ओळ खोडली.

"बारा मिनिटं राहिली!" खालून फोरमन ओरडला.

बाईंनी फोन बाजूला सारला. "ऐका. मला सूर येत नाही. कधीच येत नव्हता. तो या मशीनचा होता."

मग पोस्टमन म्हणाला, "म्हणजे आपण बावीस वर्षं बर्फाला साथ देत होतो?" आणि सगळे खो खो हसत सुटले. बाईही हसल्या, डोळे पुसत.

"आता काय करायचं, आई?"

"मला काय विचारतेस? मला काय माहीत?" हे वाक्य बाईंच्या तोंडून या खोलीत कुणी ऐकलं नव्हतं. "ज्याला जे ऐकू येतंय, ते त्याने धरावं."

आधी नुसता गोंधळ. कुणी पक्ष्याचा सूर धरला, कुणी पाण्याचा. पोस्टमन खाली कुठेतरी चाचपडत होता. मग हळूहळू, कुणी न सांगता, ते सूर एकमेकांकडे सरकायला लागले. सुनेने शब्द टाकले, झुळझुळीची जागा मोकळी सोडून, आणि त्या जागेत ओढा स्वतःच बोलला. रेकॉर्डिंगवाल्याने श्वास रोखला होता.

बाई तोंड मिटून उभ्या होत्या. एवढं मोठं जग या भिंतीच्या पलीकडे इतकी वर्षं गात होतं! पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्याने त्यांना सूर दिला होता. तो नीट कानात येईपर्यंत त्या थांबल्या आणि सगळ्यांत शेवटी, अगदी हळू, त्यात शिरल्या.