रिकाम्या अंगणातला अंगठा

नंदाताईंच्या आठवड्यात एकच वार होता, शनिवार. बाकीचे सहा नुसते कॅलेंडरवर. नागपूरहून अमेरिकेतल्या पार्सिपनीला येऊन दोन वर्षं झाली, म्हणजे हे सत्याऐंशी साल. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, घरात त्या आणि फ्रिजची घरघर.

शेजारच्या गॅरेजात कोर्नेलिस नावाचे ऐंशीचे डच चित्रकार. आधी हॉलंड सोडलं, मग दक्षिण आफ्रिका. तिथल्या द्राक्षमळ्यांतली जुनी पांढरी घरं ते तांब्याच्या पत्र्यावर कोरत आणि कागदावर छापत. हात थरथरू लागल्यापासून छापयंत्राचं जड चाक शनिवारी नंदाताई फिरवत. दिवसाला एकच प्रत निघे, म्हाताऱ्याचा दम तेवढाच.

"यात माणसं कुठायत? द्राक्षं कोण तोडायचं?" नंदाताईंनी एकदा मोडक्या इंग्रजीत विचारलं. त्यांचे आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले आणि कागदावर अंगठाच उठवत गेले. हा प्रश्न त्यांना पडणारच.

"आधी गुलाम, मग मजूर," कोर्नेलिस म्हणाले. "मी काढले नाहीत. चुकलंच माझं."

हे शेवटचं चित्र. पन्नास प्रती झाल्या की पत्र्यावर आडवी रेघ ओढायची, पुन्हा कुणी छापू नये म्हणून. मग ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओरेगॉनला मुलीकडे जाणार. सत्तेचाळिसावी प्रत निघाली आणि नंदाताईंनी बोटांवर उरलेले शनिवार मोजले. तीनच.

पुढच्या शनिवारी कागद उचलताना त्यांनी चित्रातल्या रिकाम्या अंगणावर शाईचा अंगठा टेकवला. "अगंबाई, सॉरी!" प्रत बाद. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. चहाचा थेंब न सांडणारी बाई, पण पाच शनिवार हात काळा! लाज वाटायची, तरी घरी जाताना पाय हलके असायचे. कोर्नेलिस बाद कागद नीट बाजूला ठेवत.

सहाव्या शनिवारी गॅरेजला कुलूप. मुलगी गुरुवारीच येऊन त्यांना घेऊन गेली होती. पायरीवर नंदाताईंच्या नावाचं पुडकं होतं. त्यात आडवी रेघ ओढलेला पत्रा आणि एक प्रत. अंगणात त्यांचा अंगठा, रेघ न् रेघ स्पष्ट. खाली थरथरती सही आणि आकडा: पन्नासपैकी पन्नास.

म्हणजे अंगठ्याच्या प्रतीही मोजल्या होत्या, तिसरीलाच पन्नास भरल्या होत्या. म्हाताऱ्याला पहिल्या शनिवारपासून कळलं होतं तर!

नंदाताईंनी ती प्रत घरी नेऊन भिंतीला टेकवली आणि समोर बसल्या. सकाळचे दहाच वाजले होते.