सिंधुनाथाच्या बरणीतलं हाड

"विरलं! विरलं!"

भंडारा रोडवरच्या त्या लॉनमध्ये एकच गलका उठला. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. संगमरवरी चौथऱ्यावर निळ्या झब्ब्यातले सिंधुनाथ महाराज उभे होते आणि शेजारच्या चौरंगावर काचेची बरणी होती. आदल्या दिवशी त्या बरणीत एका म्हातारीच्या चितेतलं हाड टाकलं होतं. आज आत नुसतं पाणी. म्हातारीचा मुलगा धाय मोकलून रडला आणि महाराजांच्या पायावर पडला. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

"द्वारकेचं समुद्रजल आहे हे, भक्तहो!" महाराज माईकवर गरजले. "समुद्र सब जानता है! पुण्यात्म्याचं हाड समुद्र पोटात घेतो. ज्याला घरातलं पाप अडवून धरतं, त्याचं हाड तसंच राहतं. समुद्र झूठ नहीं बोलता!"

समुद्र खोटं बोलत नाही, हे खरंच. तो काहीच बोलत नाही, म्हणून तर ह्या भामट्याचं फावलं. आम्ही नागपूरची माणसं. मंडपातल्या बहुतेकांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलेला. तिथं एखादी कोळीण असती ना, तर तिनं महाराजांना पहिल्याच वाक्याला चौथऱ्यावरून खाली ओढलं असतं.

मी प्रेमिला. एका मेडिकल कॉलेजात जन्मभर पोरांना हाडं शिकवली, आता सदर भागात एकटी राहते. माझी जीभ फार तिखट आहे असं नातेवाईक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण त्या दिवशी मी तमाशा बघायला गेले नव्हते. पुढची बरणी माझ्या भाच्याची होती.

अंकितची बरणी वर आली. आत हाडाचा पांढुरका तुकडा जसाच्या तसा. मंडपात चुकचुक सुरू झाली. महाराजांनी डोळे मिटले.

"पोरगा अडकला आहे. तडप रहा है. घरात एक बाई आहे, बाहेरून आलेली. तिचा पाय घरात आहे तोवर ह्याला वाट नाही. तेरवीच्या आत तिला दूर करा. लेकरू ठेवून घ्या, ते तुमच्या वंशाचं आहे."

माझी वहिनी मनकर्णा सावकाश वळली आणि तिनं सुनेकडे पाहिलं. दीपमाला खांबाला टेकून उभी होती, सहा वर्षांच्या उन्नतीला पोटाशी धरून.  तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं.

मला इतका संताप आला की कानशिलं तापली.

अंकित कसा गेला ते आधी सांगते. माझा भाऊ मारोतराव लकडगंजात लाकडं चिरायची आरामशीन चालवतो, घरही त्याच आवारात. एका सकाळी अंकितच्या छातीत दुखायला लागलं. दीपमाला तेव्हा माहेरी सावनेरला होती. घरच्यांना वाटलं गॅस आहे. वहिनीनं ओवा दिला, दादानं पाठ चोळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आईबापांना तो ओवा आता जन्मभर छळणार होता. अशा वेळी कोणी येऊन सांगितलं की दोष तुमचा नाही, सुनेचा आहे, तर माणूस ते डोळे मिटून घेतो. माझ्या भावानंही घेतलं.

संध्याकाळी मी आरामशीनीवर गेले. आवारातल्या कडुलिंबाला लाल फडक्यात बांधलेलं मडकं टांगलं होतं. अंकितच्या उरलेल्या अस्थी होत्या त्यात, रामटेकला पाण्यात शिरवायच्या. दादा खाली लाकडाच्या ओंडक्यावर बसला होता.

"दादा, समुद्राच्या पाण्यात हाड विरघळत नसते. रातभरात त मुळीच नाही."

"तू कधी पाह्यलं समुद्रात हाड?"

"अरे, बुडालेल्या जहाजांतून शेकडो वर्षांची हाडं काढतात माणसं! मांस मासे-खेकडे खातात, हाड मागं राहते. चिखलात गाडलं गेलं त अजूनच टिकते. काही आंबट दलदलींत उलटं होते, कातडी राहते अन् हाड विरून जाते. सगळा खेळ पाण्याचा अन् मातीचा आहे. दूर कशाले जातं, आपल्या जुनापाणीची दगडांची वर्तुळं पाह्यली नं तू? तसल्या वर्तुळांखालून हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं निघाली. त्या सगळ्यांच्या सुना का पापी होत्या?"

"मग त्या म्हातारीचं काहून विरलं?"

"तेच त शोधून राहिली मी."

"नको शोधू," तो एकदम ओरडला. "माह्या पोराले वाट भेटू दे, प्रेमा! तेरवीच्या आदल्या दिवशी सुनेले सावनेरले सोडून येतो. पोरगी इथंच राहीन."

दारात दीपमाला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मी तिला बाजूला घेतलं. "रडू नको वं. एक सांग, बरणी द्यायच्या आधी तिथं तुमच्याशी कोणी बोललं होतं का?"

ती आठवू लागली. "चहा दिला एका सेवेकऱ्यानं. लय गोड बोलत होता. घरी कोण कोण आहे, कोणाशी पटत नाही, असं विचारत होता. आत्या, सासूबाई बोलल्या त्याच्याजवळ. मी माहेरी होती म्हणून पोरगं गेलं, असं."

लागलं सूत्र हाताला! दुसरं एक सूत्र माझ्या नाकातच होतं. म्हातारीच्या बरणीजवळून गेले तेव्हा धुपाच्या आडून काहीतरी झोंबलं होतं, आणि ती बरणी उचलणाऱ्या सेवेकऱ्याच्या हातात रबरी मोजे होते. अंकितच्या बरणीतलं पाणी मात्र महाराजांनी स्वतः बोटानं चाखून तीर्थ म्हणून वाटलं. दोन्हीकडे एकच समुद्र, मग मोजे एकीकडेच कशाला?

"दीपमाला, मला अंकितचं एक हाड हवं आहे."

ती थबकली. मग स्टूल घेऊन गेली आणि तिनं स्वतःच मडकं उतरवलं. "घ्या आत्या. पण खाली पडू नका देऊ."

जन्मभर हाडं हाताळली मी. पोरांना सांगायचे, हाडाला घाबरायचं नाही, त्याला वाचायचं. त्या दिवशी चपटा, पातळ तुकडा उचलताना दीपमालालाच माझं मनगट धरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी माझी जुनी विद्यार्थिनी डॉक्टर भावना तो तुकडा घेऊन महाराजांकडे गेली, सासऱ्याच्या अस्थी म्हणून. चहा आला. गोड सेवेकरीही आला. भावनानं त्याला सांगितलं, घरात सगळे गुण्यागोविंदानं राहतो, सासऱ्यांना गती मिळाली तर आश्रमाला सभामंडप बांधून द्यायची इच्छा आहे. सेवेकऱ्यानं तिला आणखी एक कप चहा दिला म्हणे, साखर जास्त घालून.

तिसऱ्या दिवशी मी दादा-वहिनीला अक्षरशः ओढत मंडपात नेलं. दीपमाला उन्नतीला घेऊन मागे बसली. भावनाची बरणी चौथऱ्यावर आली. आत नुसतं पाणी!

"विरलं!" गर्दी ओरडली.

"वा बेटी वा!" महाराजांचा चेहरा फुलला. "तुझे सासरे थेट विष्णुपदी पोचले. ह्या हाडाला एक क्षण अडथळा झाला नाही. घर असावं तर असं!"

मी उठून उभी राहिले. "महाराज, नक्की पोचले ना? काही अडथळा नाही?"

"समुद्र झूठ नहीं बोलता, माताजी."

"मग ऐका सगळे! ते हाड भावनाच्या सासऱ्याचं नव्हतं. तिचे सासरे धरमपेठेत बसून पेपर वाचून राहिले. ते हाड माझ्या भाच्याचं होतं, अंकितचं. परवा ह्याच चौथऱ्यावर त्याचंच हाड राहिलं होतं, आणि महाराज म्हणाले पोरगा तडपतोय. आज विरलं. आता सांगा, माझा भाचा अर्धा सुटला अन् अर्धा अडकला काय?"

 दादा जागेवरून उठला.

"ही नास्तिक बाई आहे! समुद्रजलाचा अपमान करते!" महाराज किंचाळले.

"अपमान कशाचा गा? तुम्ही परवा एका बरणीचं तीर्थ वाटलं. ह्या बरणीचं वाटा. नाहीतर बोट तरी बुडवा."

महाराजांनी दोन्ही हात झब्ब्यात घातले. पुढच्या रांगेतला एक माणूस खर्रा थुंकून म्हणाला, "बुडवा नं बाप्पा, समुद्रच त आहे!" हशा पिकला. त्या हशानं महाराजांचा रंग उडाला.

मी लोकांना मागे सरायला लावलं, रुमालानं बरणी धरली आणि त्यातलं पाणी महाराजांच्या संगमरवरी पायरीवर ओतलं. फस्सकन आवाज झाला. फेस उसळला, धूर निघाला, गुळगुळीत दगड खडबडीत झाला. उन्नती मोठ्यानं म्हणाली, "आई, दगड उकळून राहिला!"

"हे ॲसिड आहे," मी सांगितलं. "संडास धुवायचं. हाड कडक असतं ते त्यातल्या कॅल्शियममुळे. ॲसिड ते खाऊन टाकतं. चितेत जळलेल्या हाडात तर त्याशिवाय फारसं काही उरत नाही, म्हणून ते रातभरात गायब होतं. दुसऱ्या बरणीत मिठाचं पाणी, त्यात हाडाला काही होत नाही. कोणाला कुठली बरणी द्यायची, ते चहा पाजणारा ठरवतो. जो हात सैल सोडेल त्याला मुक्ती, अन् ज्याच्या घरात भांडण त्याला पाप, मग पापाची शांती करायला परत इथंच यायचं!"

चार माणसं पडद्यामागे घुसली आणि ॲसिडच्या बाटल्या घेऊन बाहेर आली. परवाचा तो म्हातारीचा मुलगा एक बाटली हातात धरून नुसता बघत राहिला. त्याची मला फार दया आली. महाराजांची नाही. महाराष्ट्रात अशा लोकांसाठी कायदा आहे, तक्रार मी स्वतः जाऊन नोंदवली.

दादा चालत मागच्या रांगेपर्यंत गेला. दीपमालासमोर उभा राहिला आणि त्यानं उन्नतीच्या डोक्यावर हात ठेवला. बोलली ती वहिनीच.

"ओवा म्या देल्ला होता वं," मनकर्णा म्हणाली आणि खालीच बसली. "तू असती त दवाखान्यात नेलं असतं."

दीपमालानं सासूला उठवलं. मी तिच्या जागी असते तर उठवलं नसतं, खरं सांगते.

तेरवीच्या आधी आम्ही सगळे रामटेकला गेलो. मडकं दीपमालाच्या मांडीवर होतं. तिच्या हातानंच अस्थी पाण्यात गेल्या. त्या तिथं विरतील की गाळात वर्षानुवर्षं राहतील, ते पाण्यावर आणि गाळावर अवलंबून आहे. अंकितच्या पुण्यावर नाही, आणि बायकोच्या पायावर तर नाहीच.

हाडं पुष्कळ सांगतात हो. वय सांगतात, लहानपणी मोडलेला हात सांगतात, उपासमार सांगतात. सुनेचं पाप सांगणारं हाड मात्र मी आजवर पाहिलं नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. घरात माणूस गेलेलं असताना कोणी गोड बोलून विचारलं, की घरात कोणाशी पटत नाही, तर हातातला चहा खाली ठेवा आणि उठून घरी या.